गावाची लोकसंख्या नेमकी किती? सिंधुदुर्गाच्या उदाहरणावरून महसुली गाव, तालुका आणि जनगणनेचे आकडे वाचण्याची रीत

आमच्या वाडीत बावीस घरं. गणपतीत बावीसही घरांत दिवा असतो, अंगणात गाड्या लावायला जागा उरत नाही. सण सरला की त्यातल्या नऊ घरांना कुलूप लागतं. आणि शिरगणती करणारे गुरुजी येतात ते नेमके फेब्रुवारीत. शेजारची आजी पडवीतूनच सांगते, ‘घराक कुलूप आसा, माणसां मुंबैत.’ गुरुजी वहीत खूण करतात आणि पुढच्या घरी जातात.

गावाची लोकसंख्या किती, असं कुणी विचारलं की मी लगेच आकडा सांगत नाही. आधी विचारतो, कुठलं गाव आणि कुठल्या दिवशीची? हे दोन प्रश्न सुटले की पुढचं काम सोपं आहे. ग्रामसभेसाठी टिपण करणारे, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा लिहिणारे सदस्य, शाळेचा प्रकल्प करणारी मुलं, गावाचा इतिहास जमवणारी माणसं, सगळ्यांना हे काम कधी ना कधी करावं लागतं. मी ज्या क्रमाने ते करतो तो क्रम इथे मांडतो. उदाहरण सिंधुदुर्गाचं घेतलं आहे, कारण जिल्हा लहान आहे, आठच तालुक्यांचा आहे, आणि लोकसंख्येच्या आकड्यांत जितके सापळे असू शकतात तितके सगळे इथे सापडतात.

पहिली पायरी: ‘गाव’ म्हणजे काय ते ठरवा

आपण बोलताना ज्याला गाव म्हणतो, त्याच्या कागदावर निदान चार वेगवेगळ्या आकृत्या असतात.

सगळ्यात जुनी आकृती महसुली गावाची. सातबाऱ्याच्या डोक्यावर जे नाव असतं ते हे. त्याला शीव असते, नकाशा असतो, गट किंवा सर्व्हे नंबर असतात. जनगणना ग्रामीण भागात मोजते ती याच गावाप्रमाणे.

दुसरी आकृती ग्रामपंचायतीची. एका महसुली गावाची एक ग्रामपंचायत असेल तर प्रश्न नाही. पण दोन-तीन महसुली गावं मिळून एक ग्रामपंचायत असेल, तर ती गट ग्रामपंचायत. अशा वेळी ग्रामपंचायतीचं नाव आणि त्यातल्या एका महसुली गावाचं नाव बहुधा एकच असतं, आणि घोटाळा नेमका तिथे होतो. पाण्याच्या योजनेसाठी मी पहिल्यांदा टिपण केलं तेव्हा ग्रामपंचायतीच्या नावाचंच महसुली गाव जनगणनेत सापडलं म्हणून तोच आकडा लिहून टाकला. ग्रामपंचायतीतलं दुसरं गाव त्यातून पूर्ण सुटलं. ग्रामसभेत त्या गावच्या एका बाईंनी उठून विचारलं, ‘आमची घरं यात धरली आहेत का?’ टिपण परत घ्यावं लागलं आणि योजनेचा हिशेब एक ग्रामसभा पुढे गेला. तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या सगळ्या महसुली गावांची नावं लिहून घेतल्याशिवाय मी एकही आकडा लिहीत नाही.

तिसरी आकृती वाडीची. कोकणात माणूस राहतो वाडीत. देशावर गावठाणात घरं एकमेकांना चिकटून असतात, इथे ती माडापोफळीत विखुरलेली. पण वाडीला महसुली दर्जा नाही, म्हणून जनगणनेच्या छापील तक्त्यात वाडीचा आकडा मिळत नाही. तो आपणच जमवावा लागतो, कसा ते पुढे सांगतो. एक गोष्ट मात्र आत्ताच लक्षात ठेवा. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्यामुळे जुन्या यादीतली वाडी आणि नव्या यादीतली वाडी नावाने वेगळी दिसली, तरी ती एकच असू शकते.

चौथी आकृती मतदानाच्या प्रभागाची. ती निवडणुकीपुरती आखलेली असते आणि बदलत राहते. लोकसंख्येच्या कामात तिला पाया धरू नये.

नावांच्या बाबतीत दोन शब्द जपा: बुद्रुक आणि खुर्द. फारसी ‘बुजुर्ग’चा झाला बुद्रुक, म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची ही दोन महसुली गावं स्वतंत्र असतात, त्यांचे आकडेही स्वतंत्र. बोलताना आपण शेपूट गाळतो, पण लिहिताना गाळू नये. नुसत्या नावावरही भिस्त ठेवू नये. आंबोली म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे सावंतवाडी तालुक्यातला घाट येतो. मुंबईकराला अंधेरीचं आंबोली आठवतं. म्हणून गाव, तालुका, जिल्हा ही तिन्ही नावं दर वेळी एकत्र लिहायची.

यादीत कधी असं गाव भेटेल की ज्याच्यापुढे लोकसंख्या शून्य आहे. ती छपाईची चूक नसते. शीव आहे, जमीन आहे, सातबारे आहेत, पण वस्ती नाही. महसूल दप्तरात अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. मूळ शब्द ‘बेचिराग’, ज्या गावात दिवा लागत नाही ते. त्यातल्या राखेचा जाळपोळीशी काही संबंध नाही. हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण आपल्याकडे माणसं मोजायची म्हणजे पूर्वीपासून दिवेच मोजायचे. जनगणनेचा जुना मराठी शब्दही ‘खानेसुमारी’, म्हणजे घरांची मोजदाद.

दुसरी पायरी: दोन शिड्या वेगवेगळ्या मांडा

कागदावर दोन उभ्या रेघा ओढा. डावीकडे महसुलाची शिडी, उजवीकडे पंचायत राजची.

महसुलाची शिडी वरून खाली अशी येते: राज्य, महसुली विभाग, जिल्हा, उपविभाग, तालुका, मंडळ, सजा, गाव. महाराष्ट्रात महसुली विभाग ६ आणि जिल्हे ३६. सिंधुदुर्ग कोकण विभागात मोडतो. विभागाला आयुक्त, जिल्ह्याला जिल्हाधिकारी, उपविभागाला प्रांत, तालुक्याला तहसीलदार, मंडळाला मंडळ अधिकारी, सजाला तलाठी. तलाठ्याच्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. एका सजात एकाहून अधिक गावं असू शकतात. तालुक्याची हद्द बदलायची किंवा नवा तालुका करायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे सरकार आधी हरकती मागवतं आणि मग अधिसूचना काढतं.

पंचायत राजची शिडी तीनच पायऱ्यांची: जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून ही व्यवस्था सुरू झाली. इथे गट आणि गण हे दोन शब्द येतात. जिल्हा परिषदेच्या सदस्याचा मतदारसंघ म्हणजे गट, पंचायत समितीच्या सदस्याचा गण, आणि एका गटात दोन गण. २०१७ च्या निवडणुकीत सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेचे ५० गट होते, म्हणजे गण १००. हे गट म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर नव्हे आणि गट ग्रामपंचायतही नव्हे. एकच शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो, तेव्हा टिपणात पूर्ण शब्द लिहा.

दोन्ही शिड्या तालुक्याच्या पायरीवर जवळजवळ जुळतात, कारण पंचायत समितीही तालुक्याचीच असते. फरक पडतो शहराचा. नगरपरिषद किंवा नगरपंचायत झालेलं गाव महसुलाच्या दृष्टीने तालुक्यातच राहतं, पण पंचायत समितीच्या हद्दीतून बाहेर पडतं. म्हणून ‘कुडाळ तालुक्याची लोकसंख्या’ आणि ‘कुडाळ पंचायत समिती क्षेत्राची लोकसंख्या’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिंधुदुर्गाचे आठ तालुके: देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग. जिल्ह्याचं मुख्यालय यातल्या कुठल्याच तालुक्याच्या गावी नाही. ते ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत, आणि ओरोस येतं कुडाळ तालुक्यात. सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला इथे नगरपरिषदा. कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी, कसई-दोडामार्ग इथे नगरपंचायती.

विधानसभेचे मतदारसंघ तीन. कणकवलीत देवगड, कणकवली आणि वैभववाडी. कुडाळमध्ये कुडाळ आणि मालवण. सावंतवाडीत उरलेले तिन्ही तालुके. लोकसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्ग एकत्र. ही आखणी २००१ च्या जनगणनेवर झालेली आहे, एवढंच इथे लक्षात ठेवायचं.

तिसरी पायरी: नावापेक्षा क्रमांक धरा

२०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक आहे. महाराष्ट्राचा क्रमांक २७, सिंधुदुर्ग जिल्ह्याचा ५२९. त्याखाली तालुका आणि मग गाव. नावाची स्पेलिंगं कशीही असोत, क्रमांक चुकत नाही. इंग्रजी तक्त्यात ‘ळ’ कुठे एल होतो, ‘आ’कार कुठे गायब होतो, आणि नावाने शोधत बसलं तर अर्धा दिवस जातो. ग्रामपंचायतींसाठी केंद्र सरकारची ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’ आहे. कुठल्या ग्रामपंचायतीत कुठली महसुली गावं येतात हे तिथे क्रमांकांसह सापडतं. आधी तिथून आपल्या ग्रामपंचायतीतली गावं उतरवा, मग प्रत्येक गावापुढे जनगणनेचा क्रमांक लिहा. शेवटी हा कागद तलाठ्यांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या ग्रामसेवकांना, दाखवून घ्या. दोघांनाही दाखवा. एकाच्या डोळ्यांपुढे महसुलाची शीव असते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे घरपट्टीची.

चौथी पायरी: तक्ता उघडा आणि रकाने ओळखा

तुम्हाला हवं असलेलं पुस्तक म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. जनगणना संचालनालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. तिचे दोन भाग. ‘अ’ भागात गावातल्या सोयी: शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी, जमिनीचा वापर. ‘ब’ भागात माणसं: घरं किंवा कुटुंबं, एकूण लोक, पुरुष, स्त्रिया, शून्य ते सहा वर्षांची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, काम करणारे आणि न करणारे.

रकाने वाचताना काही ठिकाणी हमखास ठेच लागते. साक्षरतेची टक्केवारी एकूण लोकसंख्येवर काढत नाहीत, सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांवर काढतात. म्हणून आधी एकूण लोकांतून शून्य ते सहाची मुलं वजा करायची आणि मग भागायचं. सिंधुदुर्गाची २०११ ची ८५.५६ टक्के साक्षरता अशीच काढलेली आहे.

‘मुख्य काम करणारे’ म्हणजे ज्यांनी आधीच्या वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं ते. त्याहून कमी केलं तर ‘सीमांतिक’. पावसात भात, उन्हाळ्यात काजू आणि आंबा, मधल्या दिवसांत मिळेल ते, असं जगणारं माणूस कुठल्या रकान्यात बसलं असेल हे तक्ता वाचताना डोक्यात ठेवा. सीमांतिकांचा आकडा मोठा दिसला म्हणून माणसं आळशी ठरत नाहीत. शेतीच हंगामी आहे.

आणि तात्पुरते आकडे व अंतिम आकडे यांत गल्लत करू नका. २०११ चे तात्पुरते आकडे आधी आले आणि वर्तमानपत्रांतून सगळीकडे पसरले. महाराष्ट्राचा तात्पुरता आकडा ११,२३,७२,९७२, अंतिम ११,२३,७४,३३३. राज्याला हा फरक काहीच नाही, पण दोन टिपणांत दोन आकडे आले की लोकांचा विश्वास उडतो. नेहमी अंतिम घ्या आणि तसं शेजारी लिहा.

पाचवी पायरी: आकड्याला बोलतं करा

इथे थोडं थांबू, कारण खरी गोष्ट इथे आहे.

सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ८,४९,६५१. दहा वर्षांत महाराष्ट्र जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढला आणि आमचा जिल्हा १९,१७४ माणसांनी कमी झाला, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, तेव्हा घनता चौरस किलोमीटरला १६३. शहरात राहणारे साडेबारा टक्क्यांच्या जवळपास, बाकी सगळा जिल्हा गावात.

बहुतेक लेख इथेच थांबतात आणि ‘मुंबईला गेले’ म्हणून सोडून देतात. तुम्ही पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या करा. २००१ मध्ये पुरुष ४,१७,८९०, स्त्रिया ४,५०,९३५. २०११ मध्ये पुरुष ४,१७,३३२, स्त्रिया ४,३२,३१९. आता वजाबाकी करा. पुरुष कमी झाले ५५८. स्त्रिया कमी झाल्या १८,६१६. घट झालेल्या दर शंभरांत सत्त्याण्णव स्त्रिया.

मी ही वजाबाकी पहिल्यांदा केली तेव्हा तीनदा तपासली. माझ्या आजीच्या पिढीत पुरुष मुंबईला, गिरणीत किंवा गोदीत. गाळ्यात दहा जण मिळून राहायचे. बाई गावी, भात लावायची, गुरं सांभाळायची, मनिऑर्डरीची वाट बघायची. म्हणून कोकणात स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त. २००१ मध्ये सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये १,०३६ उरल्या. पुरुष परत आले म्हणून हा फरक कमी झालेला नाही. माझ्या मते आता कुटुंबच्या कुटुंब उठून जातं आहे. लग्न झालं की सूनही डोंबिवलीला, बदलापूरला, पुण्याला जाते. दोडामार्ग-सावंतवाडीकडची मंडळी गोव्यात बिऱ्हाड करतात. मुलांची शाळा तिकडेच. मागे राहतात म्हातारी माणसं, आणि पुढे कुलूप.

एक खबरदारी. हजारामागे १,०३६ हा आकडा बघून ‘आमच्याकडे मुलींना मान आहे’ असं भाषणात सांगणारे भेटतात. शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचा रकाना काढा. तिथे सिंधुदुर्गातही हजार मुलांमागे मुली हजारापेक्षा कमीच आहेत. मोठ्यांचं प्रमाण स्थलांतराने घडतं. मुलींच्या जन्माबद्दल बोलायचं तर लहान मुलांचाच रकाना बघायचा.

शेजारीपाजारीही बघा. रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला. आणि त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हाही ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरला. लालबाग-परळच्या चाळींत जिथे आमचा चाकरमानी राहायचा, तिथल्या गिरण्या बंद झाल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, आणि तोही उपनगरांकडे सरकला. कोकणातलं गाव आणि गिरणगावातली खोली, दोन्हीकडचे दिवे एकाच पिढीत कमी झाले. जिल्ह्याचा आकडा एकटा वाचला तर हे दिसत नाही.

हीच वजाबाकी आपल्या गावासाठी करा. २००१ आणि २०११, पुरुष आणि स्त्रिया, शून्य ते सहा, कुटुंबसंख्या. कुटुंबं तेवढीच आणि माणसं कमी, तर घरं रिकामी होत आहेत. कुटुंबंही कमी, तर घरं बंद होत आहेत. एकूण लोकसंख्येला कुटुंबांनी भागून येणारा आकडा तीनच्या खाली गेला असेल, तर त्या गावात म्हातारा-म्हातारीच उरली आहेत का हे प्रत्यक्ष जाऊन बघा.

माणूस कुठे मोजला जातो याचा नियमही माहीत हवा. २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि संदर्भाचा क्षण होता १ मार्च २०११ ची मध्यरात्र. त्या पूर्ण काळात जो घरी नव्हता, तो गावच्या आकड्यात धरला गेला नाही. रेशनकार्डावर नाव असो, मतदार यादीत असो, जमिनीच्या सातबाऱ्यावर असो. म्हणून चाकरमानी मोजला जातो मुंबईत, आणि शिमग्याला पालखी खांद्यावर घेतो गावात.

सहावी पायरी: जुन्या आकड्यांना जोडताना हद्द तपासा

दोन वर्षांची तुलना करण्यापूर्वी मधल्या काळात शीव हलली का ते बघायचं. सिंधुदुर्गात ती बऱ्याचदा हलली.

सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होतं. त्यामुळे १९४१ आणि त्याआधीचे तिथले आकडे रत्नागिरी जिल्ह्यात शोधून मिळणार नाहीत; ते संस्थानाच्या नावाखाली असतात. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. १९८१ च्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च होता, म्हणजे माणसं मोजून झाली आणि दोन महिन्यांनी जिल्हा जन्मला. त्याआधीचा ‘सिंधुदुर्गाचा आकडा’ कुणी दिला तर तो आजचे तालुके मागे नेऊन, बेरीज करून काढलेला असतो. तसं करायला हरकत नाही, फक्त तसं लिहायचं.

दोडामार्ग तालुका १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळा झाला. १९९१ ची सावंतवाडी आणि २००१ ची सावंतवाडी यांची थेट तुलना केली तर तालुका ओस पडल्यासारखा दिसेल. खरं तर २००१ ची सावंतवाडी आणि दोडामार्ग एकत्र करून १९९१ शी ताडायला हवं. तसंच कुडाळ, देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी आणि कसई-दोडामार्ग या नगरपंचायती २०११ नंतरच्या. २०११ च्या पुस्तिकेत त्या नगरपंचायती म्हणून शोधू नका. दुसऱ्या जिल्ह्यांतले वाचकही हे करून बघतील: पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, म्हणून २०११ च्या यादीत राज्याचे जिल्हे ३५ आणि पालघरची गावं ठाण्यात.

एखादं गाव जनगणनेत ‘शहर’ म्हणून दिसतं पण तिथे ग्रामपंचायतच असते, हाही गोंधळ होतो. किमान ५,००० लोकवस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, एवढं जुळलं की जनगणना त्या गावाला शहर धरते. त्याने ग्रामपंचायत बदलत नाही. अशा गावाचा आकडा ग्रामीण यादीत नाही म्हणून घाबरू नका, शहरांच्या यादीत बघा.

सातवी पायरी: आजचा आकडा गावातच जमवा

२०११ चा आकडा आता फार जुना झाला. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आजचं चित्र हवं तर दप्तरं जुळवावी लागतात, आणि प्रत्येक दप्तर वेगळंच काहीतरी मोजतं.

ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची कर आकारणी नोंदवही, घरं सांगते. (महसुलाचा ८अ वेगळा, तो जमिनीच्या खात्याचा उतारा. हे दोन मागताना लोक नेहमी अडकतात.) नमुना ८ मध्ये कुलूपबंद घरंही असतात, म्हणून त्यावरून माणसं काढू नयेत. मतदार यादी अठरा वर्षांवरच्यांची, आणि तिच्यात मुंबईकरही असतात. जन्म-मृत्यूची नोंदवही ग्रामपंचायतीकडेच असते. दहा वर्षांचे जन्म आणि मृत्यू वर्षावर्षाने मांडले तर गाव कुठे चाललं आहे ते स्वच्छ कळतं.

पण सगळ्यात भरवशाची माहिती अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडे असते. कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कोण आजारी आहे, कोण मुंबईहून परत येऊन राहिलं आहे, हे त्यांना पाठ असतं आणि त्यांच्या कुटुंब पाहणीच्या वहीत लिहिलेलं असतं. त्यांच्याकडे बसा, चहा घ्या, आणि वाडीवार एक तक्ता करा. तीन रकाने पुरे: बारमाही राहणारे, सणाला येणारे, कायमचं कुलूप. आमच्या वाडीचा तक्ता असाच झाला. बावीस घरांपैकी तेरा बारमाही, सात सणाची, आणि दोन घरं अशी की जिथे आता गणपतीही शेजारी नेऊन ठेवतात. दिवा तेवढा कुणीतरी लावून येतं. व्यक्तींची नावं या तक्त्यात लिहू नका. घरं आणि माणसांची संख्या एवढंच. एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घराची माहिती गावभर फिरायला नको.

आठवी पायरी: आकडा कामाला लावा

समजा, तुमच्या ग्रामपंचायतीची २०११ ची लोकसंख्या १,४८० आहे. ग्रामपंचायतीत १,५०० पर्यंत लोकसंख्येला ७ सदस्य, १,५०१ ते ३,००० ला ९, ३,००१ ते ४,५०० ला ११, ४,५०१ ते ६,००० ला १३, ६,००१ ते ७,५०० ला १५ आणि त्यापुढे १७. म्हणजे वीसेक माणसं कुठल्या गावात मोजली गेली यावर दोन सदस्य ठरतात. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, तेव्हा त्यावर महिला सदस्यांची संख्याही ठरते. वित्त आयोगाचा निधी वाटतानाही लोकसंख्या पाहिली जाते.

आता पाणी. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. १,४८० माणसांना रोज ८१,४०० लिटर. वाडीवार तक्त्यात सणाला येणारे आणखी ९०० निघाले, तर गणपतीच्या त्या आठ-दहा दिवसांत गरज १,३०,९०० लिटरवर जाते. सुदैवाने गणपती पावसात येतो, विहिरी भरलेल्या असतात. पण हीच माणसं मे महिन्यात आंबे खायला येतात तेव्हा विहिरीचा तळ दिसत असतो. टाकी किती मोठी हवी हे नुसत्या २०११ च्या आकड्यावर ठरवलं, तर मे महिन्यात टँकर मागवावा लागतो. आराखड्यात दोन्ही आकडे लिहा, बारमाही आणि मे महिन्यातला, आणि दुसरा कसा काढला ते खाली एका ओळीत नोंदवा.

आरोग्याचं माप असं: सपाट भागात ५,००० लोकांमागे उपकेंद्र आणि ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० आणि २०,०००. लोकसंख्या घटली म्हणून उपकेंद्र नको, असा सूर निघाला तर वयाचा प्रश्न पुढे करा. हजारांच्या गावात चारशे म्हातारी माणसं असतील तर दवाखान्याची गरज वाढलेली असते.

येत्या गणतीसाठी

पुढची जनगणना दोन टप्प्यांत ठरली आहे. घरयादीचं काम एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात, आणि शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये. संदर्भाचा क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. या गणतीत जातीचीही नोंद होणार आहे, आणि प्रगणक कागदाऐवजी मोबाईलवर भरणार आहेत.

आपण करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. प्रगणक आले की त्यांच्याकडच्या यादीत सगळ्या वाड्या आहेत का ते बघा. नदीपलीकडची, सड्यावरची, धनगरांची वस्ती हमखास सुटते. एकटं राहणाऱ्या माणसाच्या घरी शेजारचं कुणीतरी बरोबर जा. काजूच्या कारखान्यावर, चिरेखाणीवर, बागांत राखणीला असलेली बाहेरची माणसं त्या काळात इथे राहत असतील तर ती इथेच मोजली जायला हवीत, हे ठेकेदाराला आधी सांगून ठेवा. बंद घराबद्दल विचारलं तर ‘बंद आहे’ एवढंच सांगा. मुंबईतल्या माणसांची नावं इथे सांगू नका, ती तिकडे मोजली जातील.

आणि मुंबईत, पुण्यात, गोव्यात असलेल्या घरच्या माणसांना फोन करून विचारा, तिथे त्यांच्या दाराशी प्रगणक आला का. भाड्याची खोली, नवी सोसायटी, मालक पत्त्यावर नाव लावू देत नाही, अशा ठिकाणी माणूस दोन्हीकडून सुटतो. आमच्या वाडीतल्या नऊ कुलपांची यादी मी करून ठेवली आहे. फेब्रुवारीत प्रत्येकाला एक फोन करायचा आहे.